स्वप्न पाहण्याचा हक्क

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बंगळूर येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सव आला की संस्था मागे वळून पाहते. संस्थापकांचे स्मरण होते, पहिल्या वर्गाची छायाचित्रे बाहेर निघतात, गुणवत्ता यादीत आलेल्यांची नावे पुन्हा वाचली जातात. हे सारे उचितच आहे. तथापि शाळेचे काम भूतकाळापेक्षा भविष्यकाळाशी अधिक जडलेले असते. पहिलीत नाव घातलेले मूल शिकून बाहेर पडते, नोकरी-व्यवसायात स्थिरावते, तोवर वीस वर्षे उलटतात. म्हणजे शाळा आज जे शिकवते, ते वीस वर्षांनंतरच्या जगासाठी शिकवते. ते जग कोणी पाहिलेले नाही. त्याची केवळ कल्पना करता येते. अशी कल्पना करणाऱ्या साहित्याविषयी, आणि त्यातही ज्यांच्याकडे वाचकांचे सहसा लक्ष गेले नाही अशा लेखक-लेखिकांविषयी, आजचे हे विवेचन आहे.

विज्ञानकथा, अद्भुतकथा, आदर्श राज्याची किंवा बिघडलेल्या समाजाची कल्पित चित्रे या सर्वांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो : असे असते तर काय झाले असते? इतिहास झालेले सांगतो, वास्तववादी कादंबरी घडू शकणारे सांगते. हे साहित्य मात्र अजून न घडलेले, कदाचित कधीच न घडणारे, मांडून पाहते. मराठी वाचक या प्रांतात नवखा नाही. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा भरवून लेखकांची एक पिढी उभी केली. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे ही नावे शालेय ग्रंथालयाच्या कपाटातून घरोघरी पोचली.

याच स्पर्धेशी निगडित एक हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. १९७४ साली परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ती कथा डॉ. नारळीकरांची होती. आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली होती. आपल्या नावाच्या वजनाने परीक्षकांचा निर्णय झुकू नये, एवढाच त्यामागे हेतू होता. हा त्यांच्या सचोटीचा दाखला आहे.

अमेरिकेत त्याच सुमारास जेम्स टिपट्री ज्युनिअर या नावाचा एक विज्ञानकथाकार गाजत होता. त्याच्या शैलीत असे काही पौरुष आहे की ही लेखणी स्त्रीची असणे शक्यच नाही, असे एका नामवंत लेखकाने छापून ठेवले होते. १९७७ साली साऱ्यांना कळले की टिपट्री म्हणजे ॲलिस शेल्डन नावाच्या, साठी ओलांडलेल्या विदुषी आहेत. टिपट्री हे आडनाव त्यांनी मुरंब्याच्या बरणीवरून उचलले होते. ज्या बंगळुरात हा मेळावा भरला आहे, तेथील उदाहरण याहून जवळचे आहे. कन्नड कथाकार वसुधेंद्र मूळचे बळ्ळारी जिल्ह्यातील संडूरचे, म्हणजे एके काळच्या घोरपडे संस्थानातले. सॉफ्टवेअर क्षेत्रात अनेक वर्षे काम केलेल्या या लेखकाने एका समलिंगी तरुणाची कथा प्रथम टोपणनावाने छापली. पुढे २०१३ मध्ये ‘मोहनस्वामी’ हा संग्रह त्यांनी स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केला.

एकाला आपले नाव झाकावे लागले ते नाव फार मोठे होते म्हणून. इतरांना ते झाकावे लागले, कारण खऱ्या नावाने लिहिले तर लेखन निकोप नजरेने वाचले जाईल याची शाश्वती नव्हती. टोपणनावाच्या या दोन तऱ्हांमध्ये जे अंतर आहे, तोच आजच्या विषयाचा गाभा आहे.

जात, वर्ण, लिंग किंवा लैंगिकता यांमुळे समाजाच्या परिघावर राहिलेल्या माणसांनी लिहायला घेतले, तेव्हा प्रथम आले ते आत्मकथन. मराठीत दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, मागोमाग १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आले, पुढे २००३ मध्ये ऊर्मिला पवारांचे ‘आयदान’ आले. ए. रेवती यांनी बंगळुरातील तृतीयपंथी व समलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या चळवळीत काम केले आणि त्यांचे आत्मचरित्र २०१० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले. या पुस्तकांनी भारतीय साहित्याची जमीनच नांगरून काढली. सोसलेले सांगण्याचा, म्हणजेच साक्ष देण्याचा हक्क या लेखकांनी झगडून मिळवला.

परंतु वाचकांच्या मनात त्यातून नकळत एक अपेक्षाही रुजली. दलित लेखकाने गावकुसाबाहेरचे दुःख सांगावे, तृतीयपंथी लेखिकेने अवहेलना सांगावी, मुस्लिम लेखिकेने पडद्याआडची घुसमट सांगावी. चंद्रावर वसाहत कशी असेल, तीनशे वर्षांनंतर न्यायालये कशी चालतील, यंत्राला मन असेल का, हे मात्र दुसऱ्या कोणी तरी लिहावे. दुःखावर यांचा अधिकार आणि भविष्यावर इतरांचा, अशी ही वाटणी झाली. वर्गातही तिचा परिणाम दिसतो. वंचित समाजातील मुलाला पाठ्यपुस्तकात आपले माणूस भेटते ते बहुतेक वेळा सोसताना भेटते. अंतराळयान चालवताना ते क्वचितच भेटते.

साक्ष देण्याच्या हक्काइतकाच मोलाचा आणखी एक हक्क आहे, तो स्वप्न पाहण्याचा. ज्यांच्यासाठी चालू व्यवस्था सोयीची आहे, त्यांना वेगळी व्यवस्था कल्पून पाहण्याची निकड नसते. ज्यांना तिच्यात जागाच नाही, त्यांना ती जागा आधी मनात बांधावी लागते.

ही दृष्टी परदेशातून आयात करण्याचे कारण नाही. मराठी मनाला ती सातशे वर्षांपासून परिचित आहे. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंचे अभंग याच नजरेने वाचून पाहावेत. पहाटेच्या अंधारात दासी जात्यावर बसते, आणि तिच्यासमोर बसून जात्याचा खुंटा धरायला साक्षात विठ्ठल येतो. तो तिच्यासोबत दळतो, कांडतो, तिची वेणीफणी करतो. भक्तीच्या दृष्टीने हा साक्षात्कार आहे. समाजाच्या दृष्टीने पाहिले तर हे एक उलटे केलेले जग आहे. ज्याची सेवा साऱ्या जगाने करायची, तो दासीची सेवा करतो. मोलकरणीचे काम हीन नाही, हे सिद्ध करण्यासाठी जनाबाई वाद घालत नाहीत. त्या एक अद्भुत चित्र उभे करतात आणि ते चित्रच बोलते.

उत्तरेत चर्मकार समाजात जन्मलेल्या संत रविदासांनी ‘बेगमपुरा’ कल्पिला. दुःख नसलेले, कर नसलेले, कोणीही कोठेही मोकळेपणी फिरावे असे ते नगर आहे. ज्याच्या पायाला वाटेवर विटाळ मानला जाई, त्याच्या स्वप्ननगरीचा मोठा विशेष म्हणजे मोकळेपणी फिरण्याची मुभा, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कल्पनेची धार कळते. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिताना बळीराजाच्या पुराणकथेची अशीच उलटतपासणी केली. पाताळात ढकललेला बळी त्यांनी न्यायी राजा म्हणून परत आणला. बळीचे राज्य येवो, ही सणासुदीला घरोघरी स्त्रियांच्या तोंडी असणारी इच्छा त्यांनी भविष्याच्या कार्यक्रमात बदलली. या साऱ्या परंपरेचा मागोवा घेणाऱ्या डॉ. गेल ऑमव्हेट यांनी आपल्या पुस्तकाच्या नावात बेगमपुऱ्याचा शोध हेच शब्द घातले. जन्माने अमेरिकन असलेल्या या विदुषीने आयुष्याचा मोठा काळ सांगली जिल्ह्यातील कासेगावात काढला.

त्याच सांगली जिल्ह्यातील आष्टे येथे १८६१ साली काशीबाई कानिटकरांचा जन्म झाला. नवव्या वर्षी लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. वाचायला त्या सासरी शिकल्या, पतीच्या आग्रहाने आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या नाराजीला तोंड देत. पुढे त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले आणि ‘रंगराव’ ही कादंबरी लिहिली. मराठीतील पहिल्या महत्त्वाच्या कादंबरीकार म्हणून त्यांची नोंद वाङ्मयेतिहासात आहे. परंतु त्यांच्या ज्या पुस्तकाचे नाव आज क्वचित ऐकू येते, ते म्हणजे १९२८ साली प्रसिद्ध झालेले ‘पालखीचा गोंडा’.

पालखी आणि तिचा गोंडा हे मानमरातबाचे चिन्ह. त्या मानाच्या मोहापायी एका मुलीचे, रेवतीचे, लग्न संस्थानिकाच्या घरी लावले जाते. पती कारभार पाहण्यास असमर्थ आहे. रेवती रडत बसत नाही, राज्याची सूत्रे हाती घेते. पुढे लेखिका मांडते ते स्त्रीने चालवलेल्या राज्याचे कल्पित चित्र. तेथे स्त्रीशिक्षणाला अग्रक्रम आहे, कारभारात स्त्रियांना स्थान आहे, कायदा स्त्रीला माणूस मानतो. पुस्तक निघाले तेव्हा काशीबाई सदुसष्ट वर्षांच्या होत्या. ज्या वयात लोक आठवणी लिहितात, त्या वयात त्यांनी भविष्य लिहिले. दिवंगत संशोधक मीरा कोसंबी यांनी काशीबाईंच्या लेखनाचा इंग्रजीत अभ्यास आणि अनुवाद सिद्ध केला, म्हणून जगभरच्या अभ्यासकांना आज हे पुस्तक ठाऊक आहे. मराठी शाळेच्या कपाटात मात्र ते सहसा आढळत नाही.

काशीबाईंच्याही आधी, १९०५ साली, मद्रासहून निघणाऱ्या स्त्रियांच्या एका इंग्रजी मासिकात ‘सुलतानाज ड्रीम’, म्हणजे सुलतानाचे स्वप्न, ही कथा प्रसिद्ध झाली होती. लेखिका रुकैया सखावत हुसेन. बंगालमधील जमीनदार घराण्यात, कडक पडद्यात वाढलेल्या या मुलीला थोरल्या भावाने रात्री घर निजल्यावर इंग्रजी शिकवले. त्यांच्या कथेतील स्त्रीराज्यात पडद्यात राहतात ते पुरुष. स्त्रिया विद्यापीठे चालवतात, ढगांतून पाणी उतरवून घेतात, सूर्याची उष्णता साठवून तिच्यावर स्वयंपाक करतात आणि तिच्याच बळावर शत्रूचे सैन्य परतवतात. सौर चूल शब्दाला रूढ होण्यास अजून अनेक दशके होती. कथा विनोदी आहे, खेळकर आहे, पण वाचून संपल्यावर मनात एक प्रश्न राहतो : पुरुषांना कोंडणे हास्यास्पद वाटते, तर स्त्रियांना कोंडणे इतकी वर्षे स्वाभाविक का वाटत आले?

शिक्षकाच्या दृष्टीने या हकीकतीचा पुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. पतीच्या निधनानंतर, १९०९ मध्ये, रुकैयांनी भागलपूर येथे मुलींची शाळा काढली. पटावर पाच मुली होत्या. १९११ साली ती शाळा कोलकात्यात नव्याने सुरू झाली, तेव्हा पट आठांचा होता. ती शाळा पुढे नावारूपाला आली. आधी कथा, मग शाळा, असा हा क्रम आहे. विद्यापीठ चालवणाऱ्या स्त्रिया ज्यांनी १९०५ मध्ये कागदावर पाहिल्या, त्यांनाच १९०९ मध्ये पाच मुलींच्या वर्गात त्या विद्यापीठाचा पाया दिसू शकला. प्रत्येक शाळा प्रथम कोणाच्या तरी मनात भरलेली असते. साठ वर्षांपूर्वी या शाळेची गोष्टही याहून वेगळी नव्हती.

महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती कृष्णवर्णीयांना गुलामीतून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. पुण्यातून निघालेला तो धागा पकडून पलीकडे गेले की कृष्णवर्णीय अमेरिकन विज्ञानकथाकार भेटतात. सॅम्युअल डिलेनी हे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात वाढलेले, समलिंगी असल्याचे उघडपणे सांगणारे लेखक. विशीच्या मध्यावरच त्यांना विज्ञानकथेचा नेब्युला पुरस्कार मिळाला होता. तरीही त्यांची ‘नोव्हा’ ही कादंबरी त्या काळच्या अग्रगण्य विज्ञानकथा मासिकाच्या संपादकाने परत केली. कादंबरी चांगली आहे, पण काळा नायक आपल्या वाचकांना आपला वाटणार नाही, असे कारण दिल्याचे डिलेनी यांनी पुढे लिहून ठेवले आहे. ताऱ्यांच्या गाभ्यात शिरणारी याने त्या वाचकांना पटत होती. यानाचा काळा कप्तान पटणार नाही, असे संपादकाला वाटले.

ऑक्टेव्हिया बटलर यांची आई लोकांच्या घरी धुणीभांडी करी आणि मागच्या दाराने आत जाई. बटलर लहानपणी ते पाहत. मुलगी लाजरी, अक्षरे वाचताना अडखळणारी. आजच्या भाषेत तिला अध्ययन अक्षमता होती. दहाव्या वर्षी तिने आईजवळ टंकलेखन यंत्र मागितले आणि आईने ते दिले. लेखिका होणार असे तिने सांगितले तेव्हा एका मावशीने मायेनेच समजावले की आपल्या लोकांना लेखक होता येत नसते. मावशीच्या मनात वाईट काही नव्हते. तिने तसा लेखक पाहिलाच नव्हता. पुढे बटलर यांनी १९७९ मध्ये ‘किंड्रेड’ लिहिली. तीत विसाव्या शतकातील एक कृष्णवर्णीय लेखिका अकस्मात मागे फेकली जाते आणि गुलामांच्या मळ्यावर जाऊन पडते. काळप्रवासाची युक्ती तोवर साहसकथांची मक्तेदारी होती. बटलर यांनी तिच्यातून विचारले की काळात मागे जाणे सर्वांनाच सारखे सुरक्षित असेल का? १९९५ मध्ये त्यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. विज्ञानकथाकाराला हा सन्मान प्रथमच मिळत होता.

त्या मावशीचे वाक्य येथे बसलेल्या प्रत्येक पालकाने आणि शिक्षकाने मनाशी घोळवावे असे आहे. मुलांच्या स्वप्नांना सर्वांत घट्ट कुंपण प्रेमाने घातलेले असते. आणि ते कुंपण उपदेशाने तुटत नाही, तसे कोणी तरी झालेले दिसले की तुटते. पुस्तक हे दाखवू शकते.

बटलर यांच्या स्मृतीला वाहिलेल्या पत्रांचा व लेखांचा एक संग्रह २०१७ मध्ये निघाला. त्याच्या दोन संपादिकांपैकी एक मिमी मंडल, कोलकात्याच्या, दलित समाजातून आलेल्या विज्ञानकथाकार. त्या पुस्तकाला २०१८ साली लोकस पुरस्कार मिळाला आणि ह्यूगो या मानाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकनही मिळाले. फुल्यांनी अर्पणपत्रिकेत जोडलेला दुवा असा जवळजवळ दीडशे वर्षांनी दुसऱ्या बाजूने पुन्हा जोडला गेला. २०२४ मध्ये चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने जातिविरोधी विज्ञानकथांचा एक स्वतंत्र संग्रहच काढला. इंद्रप्रमित दास यांची ‘द डिव्हाउरर्स’ ही मोगलकाळ आणि आजचे कोलकाता यांना जोडणारी, देह आणि ओळख पालटणाऱ्या जीवांची कादंबरी २०१७ मध्ये लॅम्डा पुरस्काराची मानकरी ठरली. समलिंगी व तृतीयपंथी जीवनाशी निगडित साहित्यासाठी हा पुरस्कार दिला जातो. ही कादंबरी प्रौढांसाठी आहे, हेही येथेच सांगणे इष्ट.

आता पुन्हा बंगळूर. लावण्या लक्ष्मीनारायण या याच शहरातील लेखिका. त्यांचे पुस्तक २०२० मध्ये भारतात आणि पुढे २०२३ मध्ये ‘द टेन पर्सेंट थीफ’ या नावाने परदेशात प्रसिद्ध झाले. २०२४ च्या आर्थर सी. क्लार्क पुरस्काराच्या अंतिम यादीत ते होते. त्यात बंगळूरचे नावही उरलेले नाही, ते ‘एपेक्स सिटी’ झाले आहे, आणि तेथे राज्य करते एक कंपनी. परीक्षेच्या निकालात दिसणारा घंटेच्या आकाराचा आलेख हीच तिथली राज्यघटना आहे. वरचे वीस टक्के सुखात, मधले सत्तर टक्के धास्तीत, आणि तळाचे दहा टक्के शहराच्या सीमेबाहेर, वीज व यंत्रे नसलेल्या वस्तीत. कामात मागे पडलेल्या माणसाची तिकडे रवानगी होते. समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना वार्षिक कामगिरीच्या मूल्यमापनाचा हा आलेख परिचयाचा असेल, आणि पालकांना टक्केवारीचा. लेखिकेने नवे जग रचले नाही, रोजच्याच जगाची एक रेघ थोडी पुढे ओढून दाखवली. तळाचे दहा टक्के नेमके कोण ठरतात, आणि कोणाला सुरुवातच त्या सीमेजवळून करावी लागते, हा प्रश्न कोणताही निकाल हाती घेताना शाळेनेही स्वतःला विचारायला हवा.

अशी पुस्तके मुलांच्या हाती द्यावीत का, असा प्रश्न पालकांच्या मनात येणे साहजिक आहे. विशेषतः समलिंगी किंवा तृतीयपंथी लेखकांचे नाव निघाले की संकोच होतो. त्या संकोचाचा अनादर न करता तीन गोष्टी सांगता येतील. पहिली, वयोमानाचा विवेक प्रत्येक पुस्तकाला लावायचाच असतो. तो लेखकाची ओळख पाहून लावायचा नसतो, पुस्तकातील मजकूर पाहून लावायचा असतो. रुकैयांची कथा सातवीच्या मुलांना वाचून दाखवता येते, ‘किंड्रेड’ त्यासाठी बारावीनंतरची वाट पाहावी. दुसरी, देशाचा कायदा पुढे गेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींच्या ओळखीला मान्यता दिली, २०१८ मध्ये प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले, आणि २०१९ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत तृतीयपंथी व्यक्तींशी भेदभाव करण्यास मनाई केली. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. असे मूल कोणत्याही वर्गात असू शकते. ते सहसा बोलत नाही. मधल्या सुटीत ते ग्रंथालयात येऊन बसते, कारण तेथे कोणी चिडवत नाही. त्याच्या हाताला लागणाऱ्या पुस्तकांपैकी एकातही त्याच्यासारख्या माणसाला उद्या नसेल, तर ते मूल स्वतःच्या उद्याविषयी काय समजेल? या प्रश्नाचे उत्तर चुकले तर त्याची किंमत गुणपत्रिकेत दिसत नाही, पण ती मोजावी लागते.

उरतो प्रश्न शोधाचा. ही पुस्तके दुकानात समोर मांडलेली नसतात आणि त्यांच्या जाहिरातीही होत नाहीत. त्यांचा माग काढावा लागतो, आणि माग काढण्याच्या वाटा सोप्या आहेत. प्रथम कथासंग्रह वाचावेत, कारण एका संग्रहात वीस लेखकांची ओळख होते आणि आवडलेल्या एकाचा हात धरून पुढे जाता येते. पुरस्कारप्राप्त पुस्तकाइतकीच अंतिम यादीतील पुस्तकेही पाहावीत. टिपट्री यांच्या नावाने १९९१ मध्ये सुरू झालेला पुरस्कार २०१९ पासून ‘अदरवाइज’ या नावाने दिला जातो. स्त्री-पुरुष भेदाच्या रूढ कल्पना तपासून पाहणाऱ्या कथा-कादंबऱ्यांची त्याची यादी म्हणजे तयार वाचनसूचीच आहे. अनुवादकाचे नाव आणि प्रस्तावना कधी गाळू नयेत, कारण चांगली प्रस्तावना पुढच्या पाच पुस्तकांचे पत्ते देते. आणि जुन्या मराठी ग्रंथांच्या धुळीकडे पाठ फिरवू नये. काशीबाई तेथेच भेटतात.

मराठीत या वाटेवर करण्याजोगे काम पुष्कळ आहे. दलित आत्मकथनाची थोर परंपरा आणि विज्ञानकथेची सशक्त परंपरा, दोन्ही या भाषेत आहेत. त्या एकमेकींना अद्याप पुरेशा भेटलेल्या नाहीत. ती भेट घडवणारा लेखक किंवा लेखिका कदाचित आज एखाद्या मराठी शाळेच्या पाचव्या इयत्तेत, मागच्या बाकावर बसलेली असेल.

माजी विद्यार्थ्यांकडे म्हणूनच एक मागणे आहे. महोत्सवी वर्षात शाळेला संगणक, पंखे, बाके भेट दिली जातात. त्यांचे मोल आहेच. बंगळुरात राहणाऱ्यांकडे याशिवाय आणखी एक धन आहे. मराठी त्यांची शाळेपासूनची, इंग्रजी रोजच्या कामाची, आणि अनेकांना आता कन्नडही उत्तम येते. तीन भाषांच्या तिठ्यावर उभ्या असलेल्या माणसाने लेखक-प्रकाशकांच्या रीतसर परवानगीने एकच कथा मराठीत आणून शाळेच्या ग्रंथालयाला दिली, तर ती पंख्यापेक्षा अधिक वर्षे टिकेल. पालकांकडेही एक विनंती आहे. या सुटीत मुलांसमवेत एक तरी अशी कथा मोठ्याने वाचावी, आणि वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नये. एवढेच विचारावे की या गोष्टीतल्या गावात तुला राहायला आवडेल का, आणि तेथे आणखी कोणाला घर मिळायला हवे?

त्या उत्तरांत पुढच्या साठ वर्षांच्या शाळेचा आराखडा सापडेल.